पिवळ्या फ्रॉकचा नमुना

"स्मॉकिंग? अहो, आता कोण घालतंय ते?" कुलथेबाई ओठांत धरलेली टाचणी न काढताच म्हणाल्या. "मॅक्सी शिवा, बाबासूट शिवा. सगळी नवी कटिंग्ज आहेत माझ्याकडे. स्मॉकिंगचा नमुना मागत कुणी आल्याचं मला तर आठवत नाही."

त्यांचा शिवणक्लास नगरच्या कापडबाजारात एका अंधाऱ्या जिन्यावर होता. खोलीभर मशीनची खडखड चालली होती आणि भिंतीवरच्या खिळ्यांना खाकी कागदाचे गळे, बाह्या, कळ्या लटकत होत्या. मी पहाटेपासून दूध केंद्रावर बाटल्या मोजून आले होते. पाय सुजले होते, डोळे चुरचुरत होते, आणि बसायला कुणी स्टूल पुढे केलं नव्हतं.

"मला स्मॉकिंगचाच हवाय," मी म्हणाले. "छातीवर बारीक चुण्या, गळ्याला गोल पट्टी, बाह्या फुगीर. पिवळा."

"रंग कागदाला नसतो हो," बाई म्हणाल्या, आणि मशीनवरच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मीही हसले. आपणच हसण्यावारी नेलं की माणसं जास्त खोदून विचारत नाहीत, एवढं शहाणपण मला तोवर आलं होतं.

"मुलगी केवढी आहे?"

"तीन वर्षांची."

"मग घेऊन या की तिला. माप घेऊन छानसा अंब्रेला फ्रॉक बेतून देते."

"ती गावाला असते," मी म्हणाले आणि जिन्याकडे वळले. मागून बाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या ओरडून म्हणाल्या, "मिशनच्या शाळेतल्या हिवाळेबाई आहेत ना, रिटायर झालेल्या, त्यांच्याकडे असेल बघा. पण त्या कुणाला हात लावू देत नाहीत. उगाच पाणउतारा करून घ्याल!"

वैजू तेव्हा श्रीरामपूरला होती, तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. मी आणि तिचे वडील वेगळे का झालो ते इथे सांगत बसत नाही. दोघांच्याही वकिलांनी ते सविस्तर लिहून ठेवलंय आणि त्यातलं निम्मं दोन्हीकडून खोटं आहे. खरं एवढंच, की मी माहेरी आल्यावर एकदा सासरची मंडळी दादाच्या घरी आली. नातीला चार दिवस नेतो म्हणाली, चहा पिऊन तिला घेऊन गेली, आणि दोन वर्षं झाली तरी त्यांचे ते चार दिवस संपले नव्हते. जाताना वैजूच्या अंगावर पिवळा स्मॉकिंगचा फ्रॉक होता. शेजारच्या नर्सबाईंनी तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला तो स्वतःच्या हाताने शिवून दिला होता. पुढे त्यांची बदली झाली आणि त्या कुठे गेल्या तेही कळलं नाही.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. पाच वर्षांच्या आतलं मूल आईजवळ राहावं, असं कायदा म्हणतो. म्हणून माझ्या सासरच्या, दहातोंड्यांच्या वकिलाने कधी आजाराचं, कधी लग्नाचं निमित्त काढून वैजू पाचाची होईपर्यंत तारखाच घेतल्या. आमचे मुथा वकील सरळ मनाचे. त्यांनी हात टेकले.

"ताई, ताब्याचं आता अवघड आहे," ते म्हणाले. "आपण भेटीचा हक्क मागू. पुढच्या तारखेला साहेब मुलीला चेंबरमध्ये बोलावणार आहेत, तुमच्यासमोर. ती तुमच्याजवळ आली, दोन शब्द बोलली, तर काहीतरी पदरात पडेल. भोकाड पसरून आजीला चिकटली, तर..." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ओळखेल ना ती तुम्हाला?"

"आईला न ओळखायला काय झालं?" मी ताडकन म्हणाले. पण बाहेर आल्यावर मी विचार करायला लागले. माणसाचा चेहरा दोन वर्षांत बदलतो, माझा तर चांगलाच उतरला होता. मुलीला काहीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे. आणि मला तो फ्रॉक सुचला. तसाच पिवळा, तशाच चुण्या. फ्रॉक ओळखला की ती मलाही ओळखेल, असं मी मनाशी धरलं आणि मग मला दुसरं काही सुचेना.

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. वहिनी बोलायला फटकळ, पण दोन खोल्यांच्या घरात तिने मला दोन वर्षं एका शब्दाने दुखावलं नव्हतं. हे सोपं नसतं. दुसऱ्या दिवशी ती रद्दीच्या दुकानातून एका जुन्या मासिकाची शिवणकामाची पुरवणी घेऊन आली. आत घडी घातलेला चादरीएवढा कागद होता आणि त्यावर डझनभर कपड्यांच्या रेषा एकमेकींत गुंतल्या होत्या. सरळ रेघ परकराची, तुटक रेघ बाबासूटची, ठिपक्यांची रेघ आपल्या फ्रॉकची.

"वन्सं, हा काय जिल्ह्याचा नकाशा आहे का?" वहिनी म्हणाली. "ही इथून निघालेली रेघ बघा, कुठे जाऊन पोचलीय."

तिची चार वर्षांची मनी कागदावर बसून ठिपके मोजत होती. आम्ही दोघींनी वाकून वाकून रेघ धरली, जुन्या परकरावर उतरवली, कापली. जोडून पाहिलं तर एका बाजूला फ्रॉकची बाही आणि दुसऱ्या बाजूला बाबासूटचा पाय. मनीने तो डोक्यात घालून घरभर नाच केला. वहिनी पोट धरून हसली, आणि मीही, इतकी की शेवटी रडूच आलं. संध्याकाळी दादा म्हणाला, "कापडबाजारात तयार फ्रॉक मिळतात की ढिगाने." वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

मग पाणउतारा तर पाणउतारा, म्हणून मी हिवाळेबाईंकडे गेले.

चर्चच्या मागे बैठ्या घरांची एक ओळ होती, त्यातल्या टोकाच्या घरात त्या एकट्या राहत. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोटं संधिवाताने वाकून गेलेली. दार त्यांनी अर्धंच उघडलं.

"कुणी पाठवलं?"

"कुलथेबाईंनी."

"ती? ती माझ्या हाताखाली काजं करायला शिकली. अजून वाकडीच करते." त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "काय हवंय?"

मी सांगितलं. स्मॉकिंग म्हटल्यावर दार जरा आणखी उघडलं.

"येतं का काही? की नमुना नेऊन शिंप्याच्या गळ्यात घालणार?"

"साड्यांना फॉल लावते घरी. हाताची शिलाई येते."

"फॉल लावणं म्हणजे शिलाई नव्हे," बाई म्हणाल्या. पण आत घेतलं.

त्यांचे नमुने पत्र्याच्या पेटीत होते, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेले. "हे घराबाहेर जात नाहीत," त्या म्हणाल्या. "इथे बसून उतरवायचा, इथेच शिवायचा. कबूल असेल तर बस." मी कबूल म्हणाले. दुसरा इलाजच नव्हता. त्यांनी वाकड्या बोटांनी हळूहळू गुंडाळी सोडली आणि सतरंजीवर तीन कागद शेजारीशेजारी पसरले. कागद जुने होते, कडा मऊ पडल्या होत्या, आणि टाचण्यांच्या भोकांनी त्यांची चाळण झाली होती.

"हा वर्षाच्या बाळाचा. हा तीनचा. हा पाच-सहाचा. केवढी आहे मुलगी?"

माझा हात आपोआप मधल्या कागदावर गेला. बोटभर खांदा, वाटीएवढा गळा. तो कागद मी उचलला आणि छातीशी धरला, आणि काय सांगू, वैजूच हाती लागल्यासारखं झालं मला. खांद्यापासून खांद्यापर्यंत ती एवढीच होती. रोज सकाळी मीच तर तिला न्हाऊमाखू घालून कपडे चढवायचे. मला कोण सांगणार ती केवढी आहे ते?

"हाच," मी म्हणाले.

"माप घेतलंयस?"

"माप माझ्या हातात आहे, बाई."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हातातल्या मापावर फ्रॉक बेततात का गं?"

"ती गावाला असते."

 पाच-सहाचा कागद त्यांनी पुन्हा अभ्र्यात ठेवला. "स्मॉकिंगचं एक बरं असतं," त्या म्हणाल्या. "छातीत थोडंफार ताणतं, चुकलंमाकलं सांभाळून घेतं. खांदा नि उंची मात्र ताणत नाही. तेवढं लक्षात ठेव."

पिवळं केंब्रिकचं सुती कापड मी आणलंच होतं. ते बघून बाईंनी कपाळाला हात लावला. "एवढंसं? अगं, अंगाच्या तिप्पट कापड लागतं स्मॉकिंगला. दोन हिस्से चुण्यांत गडप होतात, दिसतसुद्धा नाहीत." मी पुन्हा बाजारात गेले, पुन्हा कापड आणलं. मग कापडावर पट्टीने ठिपके घालायचे, उभे-आडवे सारख्या अंतरावर. मग प्रत्येक ठिपक्यातून धावदोरा. सगळे दोरे एकदम ओढले की कापड आक्रसून चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांच्या माथ्यावर एकेक टाका घेत मधाच्या पोळ्यासारखी जाळी विणायची. चुणी सोडून खाली टाका गेला की बाईंना कसं कळे कोण जाणे. त्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत असायच्या.

"आवळू नकोस. चुणीचा गळा दाबतेस तू."

"नाही आवळत."

"आवळतेस. श्वास घे आणि मग टाका घे. दात कशाला खातेस?"

पहाटे दूध केंद्र, मग घरी येऊन वहिनीला हातभार, मग फॉलच्या साड्या, आणि दुपारी चर्चच्या मागे. त्या दिवसांत मी इतकी दमलेली होते, की चालता चालता डोळा लागायचा. एका दुपारी सुई हातात घेऊनच मी बाईंच्या सतरंजीवर आडवी झाले. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

"झोप झाली असेल तर उसव," बाई म्हणाल्या. "पेंगताना घातलेल्या ओळी सगळ्या चुकल्यात."

मी उसवायला लागले. रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.  मग बाई म्हणाल्या, "एवढी घाई कशाची आहे तुला? वाढदिवस आहे का?"

"तारीख आहे."

"कसली?"

"कोर्टाची. तिला आणणार आहेत. मला दाखवायला."

तेवढंच सांगितलं मी. किती दिवसांनी दिसणार आहे, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारलं असतं, तर पेटीतला दुसरा कागद त्यांनी तेव्हाच बाहेर काढला असता, असं नंतर मला कितीदा वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग गळ्याची पट्टी आतून मऊ मलमलीची लाव. गळ्याला टोचलं, की पोरं कपडा अंगावर ठेवत नाहीत."

तारखेच्या आदल्या दिवशी फ्रॉक झाला. धावदोरे ओढून काढले आणि चुण्या श्वास सोडल्यासारख्या किंचित सैल झाल्या. बाईंनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, नाकाशी नेऊन पाहिला. "बरा झालाय," त्या म्हणाल्या. कुलथेबाईंच्या क्लासात कुणी हे ऐकलं असतं, तर विश्वास ठेवला नसता.

घरी वहिनीने हात पुसून फ्रॉक घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "सुरेख झालाय हो, वन्सं. बाजारात मिळायचा नाही असा." मग तिने सहज तो मनीच्या पाठीला लावून पाहिला. खांद्याला खांदा लागला. फ्रॉक मनीला बरोबर बसत होता, किंबहुना जरा आखूडच.

 वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं... वैजू मनीपेक्षा वर्षाने मोठी ना?"

"मनी दांडगी आहे," मी फ्रॉक तिच्या हातातून काढून घेतला. "वैजूची चण लहान. माझी मुलगी मला माहीत आहे."

 वहिनीने इस्त्रीत निखारे भरून दिले, आणि फ्रॉकची घडी मी घातली. त्या क्षणी माझा राग आला असेल तिला, पण तिने तो दाखवला नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात नेहमीची गर्दी होती. मुथा वकील मला एका बाकावर बसवून आत-बाहेर करत होते. फ्रॉकची पिशवी मी मांडीवर धरली होती. काय बोलायचं ते मी घोकून ठेवलं होतं: बाळा, ओळखलंस का, बघ तुझा फ्रॉक, पिवळा फ्रॉक. तेवढ्यात जिन्यावर सासूबाई दिसल्या. थकल्या होत्या, कठड्याला धरून चढत होत्या. त्यांच्या पुढे एक मुलगी होती. गुडघ्याच्या वर आलेला मखमली फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, लांब लांब पाय. दोन-दोन पायऱ्या चढत वर येऊन ती वाट पाहत उभी राहिली. कुणाची तरी नात असेल, शेजाऱ्यांची, सोबतीला आणलेली. मी तिच्यावरून नजर काढून मागे पाहू लागले. सासूबाईंच्या पदराआड, त्यांच्या कडेवर, जिन्याच्या वळणावर. वैजू कुठे आहे? आणली नाही की काय?

"वैजू, पळू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या लांब पायांच्या मुलीने मागे वळून पाहिलं.

तीच होती. पुढचा एक दात पडलेला होता. भुवई माझी, हनुवटी त्यांच्याकडची. मी बाकावरून उठले आणि पुन्हा बसले. पिशवीतला फ्रॉक मला न उघडताच दिसत होता, वाटीएवढ्या गळ्याचा, बोटभर खांद्याचा. इतके दिवस डोळे फोडून मी कुणासाठी शिवत होते? मनाने मी तिला तीन वर्षांची करून ठेवली होती आणि ती तिकडे माझ्यावाचून जेवत होती, झोपत होती, वाढत होती. असं रडू फुटलं, की मी पदर तोंडात कोंबला.

सासूबाईंनी मला पाहिलं. त्यांची नजर खाली गेली. शिपायाने नावं पुकारली, मुलगी आणि मी आत गेलो, आणि आजींना बाहेर बसायला सांगितलं.

न्यायाधीश वयस्क होते, पडशाने बेजार झालेले. रुमालाने नाक पुसत ते वैजूला म्हणाले, "ये बाळ. नाव काय तुझं?"

"वैजयंती सुधाकर दहातोंडे. पहिली अ."

"वा. बस. या बाईंना भेटायचंय तुला. घाबरायचं नाही."

वैजू बसली नाही. दाराशी पाठ लावून उभी राहिली आणि एकटक दाराच्या कडीकडे पाहू लागली. ओठ थरथरायला लागले होते. मला एक शब्द आठवेना. घोकलेलं सगळं तीन वर्षांच्या मुलीसाठी होतं, या मुलीशी काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. आता ही रडणार, आजीला हाक मारणार, आणि सगळं संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी पिशवी खाली ठेवली. तिचं तोंड उघडं पडलं आणि आतलं पिवळं बाहेर डोकावलं. वैजूची नजर कडीवरून पिशवीवर गेली.

"त्यात काय आहे?"

"फ्रॉक."

"बघू?"

मी काढून दाखवला. ती दोन पावलं पुढे आली, मान वाकडी करून चुण्या पाहू लागली. ओळखीची खूण तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. तो पिवळा फ्रॉक तिच्या दृष्टीने कधी अस्तित्वातच नव्हता.

"तुम्ही शिवला?"

तुम्ही. जगात कुठलं मूल आईला तुम्ही म्हणतं? तो शब्द मी गिळला.

"हो. मी शिवला."

"कुणाचा आहे?"

"एका लहान मुलीचा."

"मला होणार नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरी हळहळ होती. "आमच्या आजीचा शिंपी असलं करत नाही. मला असला शिवाल?"

"शिवेन की."

मला वाटलं होतं ती एवढ्यावर थांबेल. पण ती सरळ माझ्यासमोर आली, पाठ ताठ केली, आणि दोन्ही हात बाजूला आडवे पसरून उभी राहिली. शिंप्यापुढे उभी राहायची तिला सवय असणार. "घ्या माप," ती म्हणाली.

माझ्याजवळ टेप नव्हती. मी न्यायाधीशांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि पदर सोडून तिच्या पाठीमागून घेतला, काखेतून पुढे आणला. तेवढ्यासाठी तिच्याभोवती दोन्ही हात घालावे लागले. तिच्या केसांना वेगळ्याच तेलाचा वास होता. पदर जिथे टेकला तिथे मी काठाला गाठ मारली. मग खांदा पाहिला, वितीने. मग गळा. मग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, वीत टाकत टाकत, आणि मी एकदा मोजून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"चुकलं का?" वैजूने विचारलं.

"हो, जरा चुकलं होतं," मी म्हणाले.

न्यायाधीश रुमाल हातात धरून आमच्याकडे पाहत होते. मग त्यांनी मृदू आवाजात विचारलं, "बाळ, या कोण आहेत, सांगता येईल तुला?"

वैजूने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या इतकी जवळ होते, की तिच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा दात टोक काढत होता तेही दिसत होतं. मी आई आहे, हे शब्द माझ्या जिभेवर होते.

"शिवणाऱ्या बाई," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मी काही बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी पदराच्या गाठीकडे पाहत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "यांना पुन्हा भेटायला आवडेल तुला?"

"फ्रॉक द्यायला येतील ना," वैजू म्हणाली. तिच्या लेखी त्यात विचारण्यासारखं काय होतं?

ते माझ्याकडे वळले. "किती दिवस लागतील तुम्हाला?"

हात बसला होता आता. दिवसरात्र बसले असते तर पंधरवड्यात झाला असता.

"वेळ लागतो, साहेब," मी म्हणाले. "पुन्हा पुन्हा अंगावर घालून बघावा लागतो."

"म्हणजे, किती वेळा?"

"तसं सांगता येत नाही, साहेब. मुलं वाढतात."

 मग त्यांनी घंटी वाजवून लेखनिकाला आत बोलावलं आणि सांगू लागले, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आईच्या घरी, दिवसभर. लेखनिकाच्या टाकाची कुरकुर सुरू झाली. वैजूचे हात अजून आडवेच होते. माप घेऊन झालंय, हे तिला सांगणं माझ्या जिवावर आलं होतं.